शांघायचा एक दिवस : जमा आणि नावे

चीन हे नाव व्यापारी घरांना नवे नाही. यिवूच्या घाऊक बाजारातून खेळणी, कृत्रिम दागिने आणि घरगुती वस्तू मागविणारे कितीतरी व्यापारी महाराष्ट्राच्या गावोगावी आहेत. ग्वांगझोऊच्या निर्यात प्रदर्शनात पायाचे तुकडे पडेपर्यंत फिरून नमुन्यांच्या पिशव्या घेऊन परतणारेही कमी नाहीत. परंतु या फेऱ्यांत चीन दिसतो तो भाव, वजन, कंटेनर आणि मुदत एवढ्याच चौकटीतून. अलीकडे मात्र कुटुंबासह, समूहाने, केवळ पाहण्यासाठी तेथे जाणाऱ्यांची संख्या वाढत आहे. चातुर्मास संपला, कार्तिकी पौर्णिमा झाली, दिवाळीनंतरचा बाजार थोडा निवांत झाला की अशा सहली निघतात. सोलापूर, बार्शी, सांगली आणि पुणे येथील चाळीसएक मंडळींच्या अशाच एका सहलीचा शांघायमधील एक दिवस येथे सांगावयाचा आहे.

शांघायची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे २ कोटी ४९ लाख. एवढे शहर एका दिवसात पाहणे म्हणजे मोठ्या वखारीतील माल दारात उभे राहून मोजण्यासारखेच. तरीही सहलीचा कार्यक्रम तसाच आखलेला असतो. त्यात सूर्याची अडचण वेगळी. एवढा विस्तीर्ण देश, पण घड्याळ सर्वत्र एकच, बीजिंगचे. शांघाय पूर्व किनाऱ्यावर असल्याने नोव्हेंबरच्या अखेरीस तेथे साडेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो आणि पाच वाजण्यापूर्वीच मावळतो. नवकारशी पाळणाऱ्यांचा नाश्ता सव्वासातनंतर आणि चौविहार करणाऱ्यांचे शेवटचे पाणी पावणेपाचच्या आत. म्हणजे सर्व दिवस साडेनऊ तासांत बसवायचा. सहलप्रमुख पुण्याचा तरुण. आदल्या रात्रीच त्याने सर्वांना बजावले होते, "काका, काकू, उद्या बसमध्ये बसायला पाच मिनिटे उशीर झाला, तर एक ठिकाण कमी होईल. मग मला बोलू नका."

सकाळी पहिले ठिकाण होते जेड बुद्ध मंदिर. १८८२ मध्ये हुईगन नावाच्या भिक्षूने ब्रह्मदेशातून शुभ्र जेड दगडाच्या मूर्ती आणल्या, त्यांपैकी दोन येथे आहेत. एक आसनस्थ, एक पहुडलेली. मंदिराच्या मुख्य सभागृहाच्या इंग्रजी नावात 'महावीर' हा शब्द कानी पडताच मंडळी थबकली. चिनी मार्गदर्शिकेने खुलासा केला, की 'महान वीर' हे येथे बुद्धांचे विशेषण आहे. संस्कृतातील 'महावीर' या शब्दाचे चिनी भाषांतर होऊन ते नाव चीनमधील बौद्ध मंदिरांच्या मुख्य सभागृहांना मिळाले. नाव आपल्या ओळखीचे, अर्थही ओळखीचा, पूज्य व्यक्ती मात्र वेगळी. मंडळींनी हात जोडले ते या जाणिवेसह. हेच सभागृह २०१७ मध्ये गर्दीसाठी अंगण मोकळे करण्याकरिता, आतील मूर्तींसह, अखंड, सुमारे ३० मीटर सरकविण्यात आले. ही माहिती ऐकून सांगलीच्या एका बांधकाम साहित्याच्या व्यापाऱ्यांनी पायापाशी वाकून बराच वेळ निरीक्षण केले. सहलप्रमुखाला त्यांना हाक मारून बसपर्यंत आणावे लागले.

पुढचे ठिकाण यू उद्यान. मिंग राजवटीतील पान युनदुआन या अधिकाऱ्याने १५५९ मध्ये वडिलांच्या सुखासाठी हे उद्यान करावयास घेतले आणि ते पूर्ण व्हायला १५७७ साल उजाडले. 'यू' या अक्षरात आई-वडिलांना समाधान देण्याचा भाव आहे. सुमारे दोन हेक्टर जागेत तळी, खडकांच्या टेकड्या, लाकडी मंडप आणि अजगराच्या पाठीसारख्या नक्षीच्या भिंती. मुलाने वडिलांसाठी बाग केली, हे ऐकून सर्व ज्येष्ठ मंडळींनी आपापल्या मुलांकडे सहेतुक पाहिले आणि हशा पिकला. पुढची हकिगत मात्र व्यापाऱ्यांनी विशेष ध्यान देऊन ऐकावी अशी. या उद्यानाच्या खर्चाने पान घराण्याची स्थिती खालावली, उद्यान पुढे दुसऱ्यांच्या हाती गेले आणि उजाड झाले. १७६० च्या सुमारास ते विकत घेऊन सावरले, ते शहरातील व्यापाऱ्यांनी. व्यापारी संघांच्या बैठका पुढे याच आवारात होत असत.

उद्यानाबाहेर तळ्यावरचा नऊ वळणांचा पूल आणि मध्यभागी जुने चहागृह आहे. भुते सरळ रेषेतच चालतात, वळण घेऊ शकत नाहीत, अशी तेथील समजूत. म्हणून पूल वाकडा. त्या वळणांवर छायाचित्रे घेण्यात मंडळींचे पंधरा मिनिटे गेले. १८४२ मध्ये ब्रिटिश सैन्याने शांघाय घेतले, तेव्हा त्यांचा तळ याच परिसरात पडला होता, असे मार्गदर्शिका चालता चालता म्हणाली. त्या क्षणी कोणी तिकडे विशेष लक्ष दिले नाही. ते युद्ध कशासाठी झाले, हा प्रश्न दुपारपर्यंत कोणाच्या मनात आला नाही.

दुपारचे भोजन शाकाहारी उपाहारगृहात होते. चीनमध्ये शाकाहार मिळत नाही, हा समज अर्धाच खरा आहे. लिआंग घराण्याचा सम्राट वू याने सहाव्या शतकात भिक्षूंसाठी मांसाहारबंदीचा आग्रह धरला आणि तेव्हापासून चिनी बौद्ध विहारांत शाकाहाराची परंपरा दृढ झाली. त्या पाकपद्धतीत कांदा-लसूणही वर्ज्य असतो. शांघायमधील गुंगदलिन हे शाकाहारी उपाहारगृह १९२२ पासून चालू आहे. मात्र तेथे बटाटा, मुळा, आले आणि मश्रूम चालतात, म्हणून कंदमूळ न खाणाऱ्यांनी आधी सूचना द्यावी लागते. मंडळींपुढे टोफू, हिरव्या शेंगा, कोबी आणि भात आला. सोबत बार्शीच्या काकूंनी डब्यातला खाकरा आणि मेथांबा काढला, आणि जेवण सर्वांच्या मनासारखे झाले.

याच जेवणाच्या वेळी बार्शीच्या एका किराणा घाऊक व्यापाऱ्यांना घरून फोन आला. घरातली सर्व मंडळी त्यांना आप्पा म्हणत. फोन मुलाचा होता. तंबाखूजन्य पदार्थ बनविणाऱ्या एका कंपनीची तालुक्याची एजन्सी घरी चालून आली होती. कायद्याने धंदा खुला, उधारीचा धोका नाही, मालाला उठाव भरपूर. फक्त होकार द्यायचा. सहलीला निघण्यापूर्वी घरात या विषयावर चर्चा झाली होती, पण ती अर्धवट राहिली होती. कंपनीचा माणूस सोमवारी उत्तरासाठी येणार होता. "आप्पा, आपण नाही घेतली तर समोरचा घेणारच आहे. माल तर गावात येणारच," मुलगा म्हणत होता. आप्पा म्हणाले, "रात्री बोलू." सनदी लेखापालाच्या परीक्षेचा अभ्यास करणारी त्यांची नात शेजारी बसली होती. तिने ते ऐकले, पण काही विचारले नाही.

जेवणानंतर बस हुआंगपु नदी ओलांडून पुडोंगला गेली. नदीच्या पश्चिमेचे ते पुशी, पूर्वेचे ते पुडोंग. १९९० मध्ये पुडोंगच्या विकासाचा निर्णय जाहीर झाला आणि त्यानंतर भाताच्या शेतांच्या आणि गोदामांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. शांघाय टॉवर त्यांतील सर्वांत उंच : ६३२ मीटर, १२८ मजले, बांधकाम पूर्ण २०१५ मध्ये. वाऱ्याचा जोर कमी व्हावा म्हणून इमारत वर जाताना पिळासारखी वळत गेली आहे. एका मिनिटाच्या आत उद्वाहक ११८ व्या मजल्यावर, ५४६ मीटर उंचीवर नेतो. कान दडपतात, लहान मुले ओरडतात आणि दार उघडताच सारे शहर पायाखाली दिसते. नदीवरून जाणारे मालवाहू पडाव एकामागून एक, मुंग्यांच्या रांगेसारखे. सांगलीच्या व्यापाऱ्यांनी पडाव मोजण्यास सुरुवात केली आणि चाळीसपर्यंत जाऊन सोडून दिले.

साडेतीनला बस पुन्हा नदीच्या पश्चिम तीरावर, 'बंड' या प्रसिद्ध काठावर आली. चिनी लोक त्याला वाइतान म्हणतात. 'बंड' हा शब्द चिनी नाही आणि मुळात इंग्रजीही नाही. हिंदुस्थानातील फारसी-हिंदी 'बंद', म्हणजे पाणी अडविणारा बांध, ब्रिटिशांबरोबर पूर्वेकडे गेला. पुण्याच्या बंडगार्डनमधला 'बंड' तोच. सुमारे दीड किलोमीटरच्या या काठावर पन्नासहून अधिक जुन्या भव्य इमारती ओळीने उभ्या आहेत : बँका, विमा कंपन्या, जहाज कंपन्या, क्लब आणि १९२७ चे घड्याळ-मनोऱ्याचे जकात कार्यालय.

त्या ओळीतील घुमटाची इमारत १९२३ मध्ये एका मोठ्या ब्रिटिश बँकेसाठी बांधली गेली. आज तेथे एका चिनी बँकेचे कार्यालय आहे. आत प्रवेश केल्यावर घुमटाच्या आतल्या बाजूस आठ शहरांची रंगीत खड्यांची चित्रे दिसतात. ती पुढील काळात झाकली गेली होती आणि १९९७ मध्ये नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा प्रकाशात आली. लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क, टोकियो, बँकॉक, हाँगकाँग, शांघाय आणि आठवे कलकत्ता.

"आप्पा, कलकत्ता इथे कसे?" नातीने विचारले.

"बँकेची शाखा असणार तिथे," आप्पा म्हणाले. "आणि बँक शाखा काढते ती माल आणि हुंडी दोन्ही चालतात तिथेच. हिला विचार बरं, आपल्याकडून इथे कोणता माल येत होता?"

नातीने मार्गदर्शिकेला इंग्रजीत विचारले. ती क्षणभर थांबली. पाहुण्यांना उत्तर कितपत आवडेल, असा विचार तिच्या चेहऱ्यावर दिसला. मग ती म्हणाली, "कापूस आणि सूत. आणि त्याच्याही आधीपासून, अफू."

उत्तर एका शब्दाचे, परंतु त्यामागचा हिशेब मोठा आहे. इंग्रजांना चीनचा चहा आणि रेशीम हवे होते. चीनला इंग्रजांचा माल फारसा नको होता, त्यामुळे चांदी मोजावी लागे. ही तूट भरून काढण्यास अफू उपयोगी पडली. बंगाल-बिहारची अफू कंपनी सरकारच्या मक्तेदारीत कलकत्त्याहून जाई. माळव्याची अफू संस्थानी मुलखात पिके. तेथील सावकार शेतकऱ्यांस आगाऊ रक्कम देत, माल मुंबईस येई आणि जहाजाने चीनकडे रवाना होई. १८३१ पासून कंपनी सरकारने माळव्याच्या मालावर परवाना शुल्क घेऊन त्यास मुंबईची वाट मोकळी केली. चीनमध्ये अफूला बंदी होती. हिंदुस्थानात मात्र हा व्यापार कायदेशीर होता, आणि प्रतिष्ठितही.

१८३९ मध्ये चिनी सम्राटाचा अधिकारी लिन झेशू याने ग्वांगझोऊजवळ वीस हजारांहून अधिक पेट्या अफू जप्त करून चुना आणि मिठाच्या पाण्यात नष्ट केली. त्यातून युद्ध उद्भवले. १८४२ च्या नानकिंग तहाने हाँगकाँग ब्रिटिशांकडे गेले, शांघायसह पाच बंदरे परकी व्यापारास खुली झाली आणि चीनने २ कोटी १० लाख चांदीचे डॉलर देण्याचे मान्य केले. त्यांपैकी ६० लाख नष्ट झालेल्या अफूची किंमत म्हणून होते. ज्याच्या घरात विष आले, त्यानेच विषाचे बिल चुकते केले. सकाळी यू उद्यानात ज्या सैन्यतळाचा उल्लेख कानावरून गेला होता, तो याच युद्धातला.

काठावर पुढे हिरव्या निमुळत्या छपराची एक इमारत आहे. १९२९ मध्ये व्हिक्टर ससून यांनी ती बांधली, तेथे आज हॉटेल आहे. बगदादहून मुंबईस आलेल्या डेव्हिड ससून यांचे हे घराणे. मुंबईची ससून गोदी आणि ग्रंथालय, पुण्याचे ससून रुग्णालय ही त्याच घराण्याच्या औदार्याची आणि उद्योगाची नावे. त्यांच्या चीनमधील व्यापारात अफूचा वाटा मोठा होता. हे केवळ एकाच घराण्याचे नव्हते. जमशेटजी जीजीभाई यांची संपत्ती ज्या चीन-व्यापारातून आली, त्यात कापसाबरोबर अफूही होती, आणि त्या व्यापारात त्यांचे निकटचे सहकारी होते मोतीचंद अमीचंद, म्हणजेच भायखळ्याचे देरासर आणि शत्रुंजयावरील टूक बांधणारे मोतीशा शेठ. १८३४ मध्ये मुंबईत पांजरापोळ स्थापन करण्यातही या दोघांचा पुढाकार होता. मुक्या जिवांसाठी ज्या हातांनी पांजरापोळ उभारली, त्याच हातांनी परदेशी माणसांसाठी अफूच्या पेट्या जहाजावर चढविल्या.

या पूर्वजांचा न्याय करण्याचा अधिकार आजच्या कोणासही नाही. तो काळ वेगळा होता, खाणारा माणूस समुद्रापलीकडे होता आणि राज्यकर्तेच या व्यापाराचे पाठीराखे होते. तथापि श्रावकाचारात वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्याचा स्पष्ट समावेश आहे, आणि हा नियम त्या काळीही तितकाच जुना होता. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात सद्गृहस्थाचे गुण सांगताना पहिले स्थान दानाला दिलेले नाही. पहिला गुण 'न्यायसंपन्न विभव', म्हणजे न्यायाने मिळविलेले धन. दान हे नंतर येते. जमेची बाजू शुद्ध नसेल, तर खर्ची टाकलेल्या पुण्याने ताळेबंद जुळत नाही.

'त्या काळी सर्वच तसे करीत' हे उत्तरही पूर्ण नाही. १८५५ मध्ये दादाभाई नौरोजी कामा पेढीचे भागीदार म्हणून इंग्लंडला गेले. अफू आणि मद्य यांच्या नफ्यात वाटा घेणे त्यांच्या मनास पटले नाही आणि त्यांनी ती पेढी सोडली. १८८१ मध्ये विशीतल्या रवींद्रनाथ ठाकुरांनी चीनमधील या मरणाच्या व्यापारावर बंगालीत कठोर लेख लिहिला. नकार देणारे थोडे होते, पण होते.

सव्वाचारला एका लहान सभागृहात सायंकाळच्या जेवणाची सोय होती : मुगाची खिचडी, कढी आणि पापड. पावणेपाचला चौविहार झाला. बाहेर आल्यावर सूर्य मावळला होता, आणि थोड्या वेळाने नदीच्या दोन्ही तीरांवर दिवे उजळले. एका तीरावर जुने दगडी घुमट, समोर काचेचे मनोरे. पाण्यावर रंग थरथरत होते. मंडळी छायाचित्रांत रमली.

आप्पा कठड्यापाशी उभे होते. नात जवळ आली.

"आप्पा, त्या काळच्या व्यापाऱ्यांनाही कोणी म्हणाले असेल ना, की आपण नाही पाठवली तर दुसरा पाठवणारच?"

"म्हणालेच असणार," आप्पा म्हणाले. "तसे म्हटल्याशिवाय असला धंदा होतच नाही, बाळ."

काही वेळाने त्यांनी मुलाला फोन लावला. बार्शीत तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते आणि दुकानात गिऱ्हाईक होते. बोलणे थोडक्यात झाले. "सोमवारी त्या माणसाला चहा पाज आणि नाही म्हणून सांग. ... हो, समोरचा घेईल. घेऊ दे. त्याच्या वहीत जाईल ते. ... नाही, रागावलो नाही. तुझा हिशेब बरोबरच आहे, नफा आहेच त्यात. आल्यावर बसून बोलू. साबणाची एजन्सी मागे राहिली होती, तिचे बघू." पलीकडून मुलगा काही वेळ गप्प होता. मग "बरं आप्पा" म्हणाला. त्याच्या स्वरात नाराजी होती आणि ती लपलेली नव्हती. वर्षाचे काही लाख सोडणे घरच्या तरुणाला सहज पटत नाही आणि पटावे अशी अपेक्षाही नसावी. वडीलधाऱ्यांनी नकाराचे कारण पुन्हा पुन्हा, शांतपणे सांगावे लागते.

रात्रीच्या नौकाविहारानंतर मंडळी हॉटेलवर परतली, तेव्हा पायांत गोळे आले होते. दिवसाच्या यादीतील सर्व ठिकाणे झाली होती आणि सहलप्रमुख समाधानी होता.

समूहाने केलेल्या प्रवासात ठिकाणे वेगाने मागे पडतात आणि घरी आल्यावर उंची, वेग आणि तिकिटांचे दर तेवढे लक्षात राहतात. व्यापारी कुटुंबांनी याखेरीज एक गोष्ट बरोबर न्यावी. कोणत्याही देशातील भव्य वास्तूपुढे उभे राहिल्यावर 'ही कोणी बांधली' याबरोबरच 'कोणत्या मालाच्या नफ्यातून बांधली' हेही विचारावे आणि मुलांसमोर विचारावे. मार्गदर्शकास उत्तर ठाऊक असते, मात्र कोणी विचारल्याखेरीज ते सांगितले जात नाही. त्याच प्रश्नाची सवय लागली, की तो आपल्या दुकानाच्या फळीवरील मालालाही विचारता येतो : हा माल आपल्या नातवंडांच्या हाती देता येईल काय? उत्तर 'नाही' असेल, तर कायद्याची संमती, समोरच्या दुकानाची स्पर्धा आणि वर्षाअखेरीचे दान यांपैकी कशानेही ती नोंद पुसली जात नाही. शांघायच्या काठावर ती जवळजवळ दोनशे वर्षांनंतरही वाचता येते.